वनविद्येचे अध्यापन आणि तिच्या शब्दांचा इतिहास

१

कोणत्याही शास्त्राचा इतिहास सांगताना त्याचे ग्रंथ, त्याच्या संस्था व त्याचे आचार्य यांचा क्रमवार निर्देश करण्याची प्रथा आहे, आणि ती योग्यच होय. परंतु एखादे शास्त्र जेव्हा एका देशातून दुसऱ्या देशात येते, वेगवेगळ्या भाषांतून शिकविले जाते, आणि ज्यांच्या उपजीविकेशी त्याचा प्रत्यक्ष संबंध असतो त्यांना ते शेवटी केवळ हुकुमाच्या रूपाने भेटते, तेव्हा त्याच्या इतिहासाचे आणखी एक साधन हाती येते. ते साधन म्हणजे त्या शास्त्राचे शब्द. भारतातील वनविद्येच्या बाबतीत हे साधन विशेष उपयुक्त आहे. कारण ही विद्या येथे जर्मन परंपरेतून निघून, फ्रेंच शाळेतून व इंग्रजी ग्रंथांतून आली आणि प्रत्येक टप्प्यावर आपल्या खुणा ठेवीत आली.

या खुणांचा माग घेऊन एवढेच दाखवावयाचे आहे की, वनविद्येचे अध्यापन भाषांच्या थरांत विभागलेले होते. वरच्या थरातील शब्द खाली आले ते आज्ञा होऊन, आणि खालच्या थरातील शब्द वर गेले ते बहुधा केवळ झाडांची नावे म्हणून. जेथे खालचा एखादा शब्द ज्ञान म्हणून तपासला गेला, तेथे शास्त्राचा लाभच झाला. वनविद्या आता विद्यापीठांतील पदवीचा विषय झाली असल्यामुळे या गोष्टीचा विचार केवळ पुराणवस्तूंच्या कुतूहलाचा राहत नाही.

विवेचनाच्या आरंभी दोन समकालीन लेखांची तुलना उद्बोधक ठरेल. सॅक्सनीतील खाणखात्याचा अधिकारी हान्स कार्ल फोन कार्लोविट्झ याने १७१३ साली लाइप्झिग येथे वनसंवर्धनावर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. चांदीच्या खाणींना व भट्ट्यांना लागणारे लाकूड संपत चालले होते. तेव्हा जेवढे उगवेल तेवढेच तोडावे, म्हणजे पुढे पुरेल, असा त्याचा विचार होता. याच सुमारास, म्हणजे १७१५ च्या आसपास, रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेले ‘आज्ञापत्र’ मराठीत लिहिले गेले. त्याच्या आरमारविषयक प्रकरणात गलबतांसाठी लाकूड कोठून व कसे आणावे याचा विचार आहे. सागवानासारखे लाकूड राज्यातील अरण्यांतून हुजूरच्या परवानगीने घ्यावे. आंबा-फणसांसारख्या झाडांना मात्र हात लावू नये, कारण ती अल्पकाळात होत नाहीत व रयतेने ती वाढविलेली असतात. एखादे जीर्ण झाड घेणे आवश्यकच झाले तर धन्यास राजी करून व मोबदला देऊन घ्यावे, असा त्याचा आशय आहे.

दोन्ही ठिकाणी निकड राज्याच्या गरजेची आहे; एकीकडे खाण, दुसरीकडे आरमार. दोन्ही ठिकाणी झाडाच्या वयाचा विचार आहे. भेद असा की, सॅक्सनीतील लेखकाने मुख्यतः लाकडाच्या साठ्याचा हिशेब मांडला, तर आज्ञापत्रकारांनी झाडाबरोबर ते लावणाऱ्या माणसाचाही विचार केला. पहिल्या विचाराचे पुढे शास्त्र बनले व ते विद्यालयांतून शिकविले जाऊ लागले. दुसरा राजनीतीच्या पोथीत राहिला.

२

अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मन प्रदेशात वनाधिकाऱ्यांच्या खाजगी शाळा निघाल्या. गेओर्ग लुडविग हार्टिग याने १७८९ मध्ये हुंगेन येथे शाळा काढली. हाइनरिख कोटा याने प्रथम त्सिलबाख येथे व नंतर १८११ मध्ये सॅक्सनीतील थारांट येथे अध्यापन सुरू केले. थारांटच्या शाळेला १८१६ साली राजाश्रय मिळून ती अकादमी झाली. या शाळांत गणित, भूमापन, वनस्पतिशास्त्र व प्रत्यक्ष रानातील काम यांची सांगड घातलेली असे. जंगलाचे समान उत्पन्न देणारे भाग पाडावेत, दरवर्षी एक भाग तोडावा, आणि शेवटच्या भागाची पाळी येईपर्यंत पहिला भाग पुन्हा वाढून तयार व्हावा, हे या पद्धतीचे मुख्य सूत्र होते.

फ्रान्समध्ये नान्सी येथे १८२४ साली राजकीय वनविद्यालयाची स्थापना झाली. त्याचा पहिला संचालक बेर्नार लोरांत्स हा जर्मन पद्धतीचा जाणकार होता, आणि त्याच्यामागून आलेला आडोल्फ पाराद हा थारांट येथे कोटाचा विद्यार्थी होता. अशा रीतीने जर्मन विद्या फ्रेंच भाषेत उतरली आणि फ्रेंच शब्दांचा वेष घेऊन पुढच्या प्रवासास सिद्ध झाली.

भारतात या विद्येचा प्रवेश होण्यापूर्वी वनांची देखरेख बहुधा वैद्य-वनस्पतिज्ञांच्या हाती होती. मुंबई इलाख्यात डॉ. अलेक्झांडर गिब्सन हे प्रथम पुण्याजवळील दापोडीच्या वनस्पति-उद्यानाचे प्रमुख होते व १८४७ पासून इलाख्याचे वनसंरक्षक झाले. त्यांनी निकोल डाल्झेल यांच्यासह सिद्ध केलेला मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा ग्रंथ १८६१ मध्ये प्रसिद्ध झाला. हे लोक झाडे ओळखीत, परंतु जंगल चालविण्याचे शास्त्र त्यांनी कोठल्या शाळेत शिकलेले नव्हते.

ते शास्त्र डीट्रिख ब्रांडिस यांच्याबरोबर आले. बॉन येथे जन्मलेले व तेथेच वनस्पतिशास्त्राचे अध्यापन केलेले ब्रांडिस १८५६ मध्ये ब्रह्मदेशातील पेगू प्रांताच्या सागवानी जंगलांवर नेमले गेले आणि १८६४ मध्ये हिंदुस्थानच्या वनखात्याचे पहिले प्रमुख झाले. त्यांच्यामागून आलेले विल्यम श्लिख व बेर्टोल्ड रिबेनट्रॉप हेही जर्मनच होते. इंग्लंडात त्या काळी वनविद्येचे एकही विद्यालय नसल्यामुळे, १८६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून हिंदी नोकरीसाठी निवडलेले इंग्रज तरुण जर्मनीत व फ्रान्समध्ये पाठविण्यात येऊ लागले. १८७५ नंतर सुमारे दशकभर तर त्यांचे शिक्षण नान्सी येथेच होत असे. इंग्रज मुलाने फ्रेंच भाषेतून जर्मन विद्या शिकावी आणि कानडा जिल्ह्यातील किंवा मेळघाटातील जंगलाचा कारभार पाहावा, अशी ही व्यवस्था होती.

१८८५ मध्ये श्लिख यांनी कूपर्स हिल येथील अभियांत्रिकी महाविद्यालयात वनशाखा सुरू केली, आणि १९०५ मध्ये ती ऑक्सफर्ड विद्यापीठात गेली. श्लिख यांचा पाच खंडांचा वनविद्येवरील ग्रंथ याच अध्यापनातून निर्माण झाला. त्याचे शेवटचे दोन खंड डब्ल्यू. आर. फिशर यांनी जर्मन ग्रंथांच्या आधारे सिद्ध केले होते. म्हणजे इंग्रजीत आल्यानंतरही विद्येचा मूळ झरा तोच राहिला.

३

भारतात वनविद्येचे नियमित अध्यापन १८७८ साली डेहराडून येथे सुरू झाले. ब्रांडिस यांच्या प्रयत्नाने स्थापन झालेली ही शाळा १८८४ मध्ये केंद्र सरकारच्या ताब्यात गेली. १९०६ मध्ये तेथे संशोधनसंस्था स्थापन झाली. दक्षिणेसाठी कोइमतूर येथे १९१२ मध्ये विद्यालय निघाले. मुंबई इलाख्यात, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शेती व वन या खात्यांसाठी वर्ग सुरू झाले व त्यामुळेच त्या महाविद्यालयाचे नाव ‘कॉलेज ऑफ सायन्स’ असे बदलले. या महाविद्यालयाचे प्राचार्य थिओडोर कुक यांनी पुढे मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा जो ग्रंथ लिहिला, तो अद्यापि अभ्यासकांच्या नित्य उपयोगात आहे.

डेहराडूनच्या शाळेची रचना भाषिक दृष्ट्या लक्षात घेण्याजोगी आहे. तेथे दोन वर्ग असत. वरचा वर्ग इंग्रजीतून चाले व तो रेंजरच्या दाखल्यासाठी होता. खालचा वर्ग हिंदुस्थानीतून चाले व तो फॉरेस्टरच्या दाखल्यासाठी होता. या दोहोंच्या वर, युरोपात शिकून आलेले अधिकारी. या दोहोंच्या खाली, शाळेत न येता केवळ हुकूम ऐकणारे रखवालदार, लाकूडतोडे व वणवा विझविणारे लोक; त्यांच्या भाषा म्हणजे गोंडी, कोरकू, वारली, काथोडी या होत. त्यांच्यापैकी कोणत्याही भाषेतून वनविद्येचा एकही धडा दिला जात नव्हता. पदाची पायरी व भाषेची पायरी एकच होती. मनुष्य जितका प्रत्यक्ष झाडाजवळ, तितकी त्याची भाषा शाळेपासून दूर, असा हा क्रम होता.

दुसरी गोष्ट अशी की, ही शाळा विद्यापीठाची नसून खात्याची होती. तेथे पदवी नव्हती, दाखला होता. विद्यापीठीय विषयात विद्यार्थी प्रश्न विचारण्यास मोकळा असतो, निदान तशी अपेक्षा असते. खात्याच्या शाळेत त्याला उत्तर पाठ करावयाचे असते, कारण उद्या त्यालाच ते अमलात आणावयाचे असते. डेहराडूनच्या शिक्षकांनी मोठे शास्त्रीय कार्य केले यात शंका नाही. जे. एस. गॅम्बल यांचा भारतीय लाकडांवरील १८८१ चा ग्रंथ, उपेंद्रनाथ कांजीलाल यांचा शाळेच्या परिसरातील वनस्पतींवरील १९०१ चा ग्रंथ, आणि आर. एस. ट्रूप यांचा भारतीय वृक्षांच्या संवर्धनावरील १९२१ चा ग्रंथ ही त्याची साक्ष होत. तथापि वनात राहणारा मनुष्य या अध्यापनात बहुधा ‘हक्क’ व ‘उपद्रव’ या दोन सदरांखालीच येत असे.

४

आता वरून खाली आलेल्या शब्दांकडे वळता येईल. महाराष्ट्रातील जंगलांत तोडीसाठी आखून दिलेल्या पट्ट्याला ‘कूप’ म्हणतात. कूपाचा लिलाव, कूपाची तोड, कूपावरचे मजूर हे शब्दप्रयोग ठाणे जिल्ह्यापासून गडचिरोलीपर्यंत सर्वत्र आढळतात. संस्कृत जाणणाऱ्यास हा शब्द विहिरीचा वाटेल. परंतु त्याचा विहिरीशी काही संबंध नाही. तो फ्रेंच ‘कूप’ होय, ‘कापणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून झालेला. नान्सीच्या वर्गात वार्षिक तोडीच्या भागास हा शब्द वापरीत. तेथून तो इंग्रज अधिकाऱ्यांच्या अहवालांत व नकाशांत आला, आणि तेथून कंत्राटदार व मजूर यांच्या तोंडी बसला. कोटाच्या सूत्रातील ‘दरवर्षी एक भाग’ हाच तो भाग. ज्या मजुराने नान्सीचे नावही ऐकले नाही, त्याच्या बोलण्यात त्या शाळेचा एक पारिभाषिक शब्द दीड शतक टिकून आहे. मात्र तो ज्या हिशेबातून निघाला तो हिशेब मजुरास कोणी सांगितला नाही. शब्द पोहोचला, विद्या पोहोचली नाही.

‘फॉरेस्ट’ या शब्दाची कथा याहून जुनी आहे. मध्ययुगीन लॅटिन कागदपत्रांत हा शब्द मूलतः झाडीचा वाचक नव्हता. राजाने शिकारीसाठी सर्वसामान्य वापरातून बाहेर काढलेले रान, असा त्याचा कायदेशीर अर्थ होता. आणि ‘बाहेर’ या अर्थाच्या लॅटिन शब्दाशीच त्याचा संबंध सामान्यतः जोडला जातो. म्हणून मराठी खेडुत जेव्हा ‘ही जमीन फॉरेस्टची’ असे म्हणतो, तेव्हा तो त्या शब्दाचा अपभ्रष्ट उपयोग करीत नसून, नकळत त्याच्या मूळ अर्थाशीच येऊन पोहोचतो. त्या जमिनीवर एकही झाड नसले तरी ती ‘फॉरेस्ट’ असू शकते.

मराठीतील स्वतःच्या शब्दांचे अर्थ निराळे आहेत. ‘रान’ हा ‘अरण्य’ या संस्कृत शब्दापासून प्राकृतमार्गे आलेला शब्द. कोकणात व घाटावर तो झाडीचा वाचक आहे. परंतु देशावर शेतकरी रोज ‘रानात’ जातो तो पेरणीसाठी वा खुरपणीसाठी. एकाच शब्दात शेत व झाडी दोन्ही मावतात, कारण त्या बोलणाऱ्याच्या व्यवहारात त्यांची सीमा एका खांबाने ठरलेली नव्हती. ‘कुरण’ हे गवतासाठी राखलेले, ‘देवराई’ ही देवाच्या नावे न तोडलेली, ‘माळ’ हा उघडा. ‘जंगल’ या शब्दाचा प्रवास तर अगदी उलट दिशेचा आहे. आयुर्वेदग्रंथांत ‘जाङ्गल’ प्रदेश म्हणजे विरळ झाडीचा, कोरडा व हरिणांचा प्रदेश. दलदलीच्या ‘आनूप’ प्रदेशाच्या विरुद्ध. मनुस्मृतीत राजाने वस्ती करण्यास जो प्रदेश सांगितला आहे तो जाङ्गलच होय. पुढे याच शब्दाने घनदाट झाडीचा अर्थ धारण केला.

या शब्दांच्या समूहात १८७८ च्या वन-कायद्याने एक शब्द असा आणला की, त्याच्या दोन अर्थांत पुढील शंभर वर्षांचा तंटा सामावलेला आहे. तो शब्द म्हणजे ‘राखीव’. कार्लोविट्झने आपल्या सूत्रासाठी जो जर्मन शब्द योजला, त्याचे घटक ‘नंतर’ व ‘धरणे’ असे आहेत. पुढच्यासाठी धरून ठेवणे, हा त्याचा आशय. हल्ली त्यासाठी मराठीत ‘शाश्वत’ हा शब्द रूढ आहे. ‘शाश्वत’ म्हणजे सदैव असणारे, आणि मूळ शब्दात तर काही शिल्लक ठेवण्याची कृती अभिप्रेत आहे; त्या दृष्टीने ‘राखणे’ हेच क्रियापद मूळ कल्पनेच्या अधिक जवळचे आहे. शेतकरी बियाणे राखतो, गुराखी कुरण राखतो, गाव देवराई राखते. प्रत्येक ठिकाणी ‘कशासाठी’ हे स्पष्ट असते. कायद्यातील ‘राखीव’ जंगल मात्र ज्याच्या अनुभवास आले, त्याला त्यात ‘कशासाठी’ यापेक्षा ‘कोणापासून’ हेच प्रथम कळले. एकाच धातूची ही दोन रूपे परस्परांच्या समोर उभी राहिली.

त्याचा परिणाम अल्पावधीतच दिसून आला. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मधील ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात डोंगर, दऱ्या, पडीक जमिनी व गायराने वनखात्यात गेल्यामुळे गरीब शेतकऱ्यांच्या गुरांची जी दैना झाली तिचे वर्णन केले आहे. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील गाऱ्हाण्यांमुळे सरकारला १८८५ मध्ये मुंबई वन-आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९३० मध्ये पुसद येथे लोकनायक बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखाली आणि उरणजवळील चिरनेर येथे जो सत्याग्रह झाला, त्याला लोकांनी ‘जंगल सत्याग्रह’ असे म्हटले. चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी गोळीबार होऊन माणसे मृत्युमुखी पडली.

५

खालून वर गेलेल्या शब्दांचा इतिहास निराळा आहे. मलबारचा डच अधिकारी फान रेडे याने १६७८ ते १६९३ या काळात बारा खंडांत प्रसिद्ध केलेला वनस्पतिग्रंथ या दृष्टीने आदर्श मानावा लागेल. त्यात इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याची, तसेच रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या कोचीच्या कोंकणी ब्राह्मणांची साक्ष त्यांच्या नावानिशी छापलेली आहे. नागरी लिपीत छापलेला कोंकणी मजकूरही त्यात आढळतो. सांगणाऱ्याचे नाव, भाषा व लिपी ही तिन्ही तेथे जतन झाली.

पुढच्या काळातील इंग्रजी वनस्पतिग्रंथांत स्थानिक नावे आहेत, नाही असे नाही. कुक यांच्या व डब्ल्यू. ए. टॅल्बट यांच्या ग्रंथांत मराठी नावांचा मोठा संग्रह आहे आणि मराठी कोशकारांनी त्याचा अद्याप पुरता उपयोग केलेला नाही. परंतु तेथे नाव देणारा माणूस लुप्त होतो. साग, आईन, किंजळ, हेद, शिसव ही नावे लॅटिन नावामागून एका आखूड इंग्रजी संक्षेपाखाली येतात. ज्या लॅटिन शब्दाचा तो संक्षेप आहे, त्याचा अर्थ ‘घरगुती’, आणि तो ‘घरात जन्मलेला दास’ या अर्थाच्या शब्दापासून निघालेला आहे. ग्रंथकारांच्या मनात तसे काही नव्हते हे उघडच आहे. तथापि ज्ञानाच्या घरात या भाषांचे स्थान कोणते होते हे त्या शब्दाने अनवधानाने सांगितले आहे.

नावांपलीकडचे शब्द, म्हणजे पद्धतींचे शब्द, यांची गती कशी होई हे दोन उदाहरणांवरून दिसेल. ब्रह्मदेशातील करेण लोक डोंगरउतारावरील झाडी तोडून व जाळून तेथे धान्य पेरीत. या शेतीला ब्रह्मी भाषेत ‘टांग्या’ म्हणतात. ‘टांग’ म्हणजे डोंगर, ‘या’ म्हणजे शेत. ब्रांडिस यांनी या लोकांशी असा करार केला की, त्यांनी आपल्या शेतात धान्याबरोबर सागाची रोपेही लावावीत. धान्य निघाले, शेतकरी पुढे गेला, आणि मागे सागाचे रोपवन उभे राहिले. ‘टांग्या’ हा शब्द जगातील वनविद्येच्या ग्रंथांत एक मान्य पद्धती म्हणून आजही आहे. हीच शेती कानडा जिल्ह्यात ‘कुमरी’ या नावाने चाले. तेथे ती पद्धती ठरली नाही. ती नासधूस ठरली, तिच्यावर बंधने आली, आणि ‘कुमरी’ हा शब्द अहवालांतून अपराधाचे नाव म्हणून उरला. कृती सारखीच; पण एका ठिकाणी अधिकाऱ्याने करणाऱ्याशी बोलणी केली, दुसऱ्या ठिकाणी केली नाहीत. एक शब्द परिभाषेत गेला, दुसरा कायद्याच्या कलमात.

दुसरे उदाहरण ‘राब’ हे होय. सह्याद्रीच्या पावसाळी पट्ट्यात भाताची व नाचणीची रोपे करावयाच्या जागेवर उन्हाळ्यात शेण, झाडाचा टहाळ, गवत व पालापाचोळा यांचे थर घालून, वर माती पसरून ते जाळतात. पावसाळा लागताच तेथे बी पेरतात. टहाळासाठी आईनासारख्या झाडांच्या फांद्या छाटाव्या लागतात, म्हणून वनाधिकाऱ्यांच्या दृष्टीने राब म्हणजे झाडांचे नुकसान. ठाणे-कुलाब्याच्या गाऱ्हाण्यांच्या मुळाशी हा टहाळाचा प्रश्न मोठ्या प्रमाणात होता. शेतकरी म्हणत की राबावाचून रोप होत नाही. ते अडाणीपणाचे बोलणे मानले जाई.

या बोलण्याची शास्त्रीय तपासणी वनखात्याच्या शाळेत झाली नाही. ती पुण्याच्या कृषी महाविद्यालयात झाली. प्राचार्य हॅरल्ड मान यांनी एन. व्ही. जोशी व एन. व्ही. कानिटकर या सहकाऱ्यांसह पश्चिम हिंदुस्थानातील राबपद्धतीवर एक प्रबंध १९१२ साली प्रसिद्ध केला. राबाचा गुण केवळ राखेच्या खतापुरता नसून जमीन तापल्यामुळे तिच्यात जो पालट होतो त्याचाही तो परिणाम असतो, ही गोष्ट अशा अभ्यासांमुळे पुढे आली. तपासणीचा निष्कर्ष शेतकऱ्याच्या पूर्णपणे बाजूचा असो वा नसो, मुख्य मुद्दा निराळा आहे. ‘राब’ हा शब्द प्रबंधाच्या शीर्षकात आला. ज्याला आतापर्यंत सवय म्हणत होते, त्याला प्रथमच प्रश्न म्हणून मान मिळाला. वन-आयोगाच्या अहवालानंतर पंचवीस वर्षांनी हे घडले. तोपर्यंत टहाळावरून किती दंड झाले असतील व किती वैर वाढले असेल, याची कल्पनाच करावी लागते.

६

स्वातंत्र्योत्तर काळात वरच्या अधिकाऱ्यांसाठी १९६६ साली भारतीय वनसेवा पुनश्च स्थापन झाली. परंतु वनविद्या हा विद्यापीठीय पदवीचा विषय म्हणून व्यापक प्रमाणात रुजला तो १९८० नंतरच्या दशकात, प्रामुख्याने कृषी विद्यापीठांतून. हिमाचल प्रदेशात फलोद्यान व वनविद्या यांचे स्वतंत्र विद्यापीठ १९८५ मध्ये स्थापन झाले. डेहराडूनच्या संशोधनसंस्थेला १९९१ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. महाराष्ट्रात दापोली व अकोला येथील कृषी विद्यापीठांत वनविद्येची पदवी दिली जाते. खात्याच्या शाळेतून विद्यापीठाच्या वर्गात येण्यास या विषयाला शंभराहून अधिक वर्षे लागली.

या काळात मराठी परिभाषाही सिद्ध झाली. रेंजरला वनक्षेत्रपाल, फॉरेस्टरला वनपाल, गार्डला वनरक्षक, बीटला नियतक्षेत्र, वर्किंग प्लॅनला कार्य आयोजना असे प्रतिशब्द मिळाले. शासनव्यवहारासाठी ते आवश्यकच होते. मात्र यांतील बहुतेक शब्द वरच्या थराचे संस्कृतीकरण आहेत. इंग्रजी संज्ञेचा अर्थ आहे तसाच ठेवून तिला नवे वस्त्र दिले आहे. ‘गौण वनोपज’ ही संज्ञा त्याचे ठळक उदाहरण होय. मोहफुले, हिरडा, डिंक, मध व तेंदूची पाने ही लाकडाचा हिशेब ठेवणाऱ्या खात्यास गौण. ती गोळा करून ज्याचे वर्ष निभते त्याला ती गौण कशी असतील? इंग्रजी शब्दातील दृष्टिकोन मराठीत जसाच्या तसा उतरला, आणि तो एका दृष्टिकोनाचा शब्द आहे हे विस्मृत झाले. याउलट विदर्भात रूढ असलेला ‘निस्तार’ हा शब्द, म्हणजे गावाच्या नित्य गरजा भागविण्याचा हक्क, लोकव्यवहारातून सरकारी दप्तरात गेला व तेथे टिकला. खालचा शब्द वर जाऊ शकतो याचे ते प्रमाण आहे.

दुसरा मार्ग व्यक्तींनी दाखविला. कोइमतूरच्या वनमहाविद्यालयात शिक्षण घेतलेले व महाराष्ट्राच्या वनसेवेत आयुष्य घालविलेले मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी रानात राहणाऱ्या लोकांकडून पशू, पक्षी व वृक्ष यांचे शब्द आस्थेने जमविले, कोश सिद्ध केले, आणि ‘काकागार’, ‘सारंगागार’ यांसारखे नवे शब्दही मराठीस दिले. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतील वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांनी १९७० नंतरच्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा जो अभ्यास केला, त्यामुळे ‘देवराई’ हा शब्द श्रद्धेच्या कोपऱ्यातून निघून वनस्पतिशास्त्राच्या प्रांतात आला. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क प्राप्त झाला. तेव्हापासून जंगल चालविण्याचा हिशेब गावाच्या सभेतही, गावाच्या भाषेत, मांडावा लागत आहे.

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष वनविद्येचे अध्यापन मराठीतून वा गोंडीतून करावे एवढाच नाही. भाषा बदलली आणि प्रश्न तेच राहिले, तर थर तसेच राहतील. डेहराडूनच्या खालच्या वर्गात हिंदुस्थानी होतीच. परंतु ती खाली सांगण्याची भाषा होती, खालून ऐकण्याची नव्हती. विद्यापीठाच्या वर्गात वनविद्या शिकणाऱ्या विद्यार्थ्याने सिल्व्हिकल्चरची पाठ्यपुस्तके अवश्य वाचावीत. कोटा व ब्रांडिस यांचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याच्या अभ्यासक्रमात प्रत्येक जिल्ह्यातील रानशब्दांचा संग्रह, त्या शब्दांमागील कृतींची नोंद व त्यांची प्रयोगाने परीक्षा यांनाही स्थान असले पाहिजे. ‘कूप’ शब्दाबरोबर त्यामागचा हिशेब मजुरापर्यंत जावा, आणि ‘राब’ शब्दाबरोबर त्यामागचा अनुभव प्राध्यापकापर्यंत यावा.

हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही. कुमरी करणारे लोक गेले, आणि त्यांना उतार, माती व झाडांचे वय यांविषयी जे ठाऊक होते ते अपराधाच्या नोंदींत सापडत नाही. ज्या म्हाताऱ्या काथोड्याला वा कोरकूला आज दहा प्रकारच्या फांद्यांची दहा नावे व दहा उपयोग सांगता येतात, त्याचा नातू शहरात कामास गेला आहे. झाड तोडले तर पुन्हा लावता येते, त्याला साठ-ऐंशी वर्षे लागतात इतकेच. शब्द गेला तर त्याचे बियाणे राखलेले नसते.